छोट्या कुत्र्याचं खाणं: वाटी लहान, काळजी मोठी

अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या ५ किलोच्या स्पिट्झला दिवसाला साधारण ३०० कॅलरी पुरतात. वय, नसबंदी आणि हालचाल यांनुसार हा आकडा बदलतो. खाऊचा वाटा त्यातला जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे ३० कॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटात सुमारे २५ कॅलरी असतात. चहाच्या वेळी दोन बिस्किटं दिली की मर्यादा तिथेच ओलांडली जाते. त्याऐवजी उकडलेल्या गाजराचे किंवा फरसबीचे नखाएवढे तुकडे, बिया काढलेलं सफरचंद द्यावं. छोट्या कुत्र्याला तुकड्याच्या आकाराशी देणंघेणं नसतं, मिळाल्याचा आनंद असतो.

खरा धोका सणासुदीला. शिऱ्यातला, चिवड्यातला बेदाणा मूत्रपिंड निकामी करू शकतो, आणि किती बेदाण्यांनी हे होईल याचा नेम नाही. कांदेपोह्यांतला कांदा, फोडणीतला लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवल्यानेही विष जात नाही. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगमही वर्ज्य. पाहुण्यांना हे आधीच, स्पष्ट सांगावं.

शिजवलेलं हाड टोकदार तुटतं, आतडं फाडतं. चकलीसारखं तळकट स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. दुधाने अनेकांना जुलाब होतात.

बिनमिठाची उकडलेली कोंबडी, भात, लाल भोपळा पोट बिघडल्यावर दोन दिवस ठीक. रोज तेवढंच दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. नेहमीसाठी वयानुसार संपूर्ण आहार असं लिहिलेलं तयार खाद्य घ्यावं, किंवा घरच्या जेवणाचं प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावं. बेदाणा पोटात गेलाच, तर उलटीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.