'होल्ड' लागला म्हणजे पैसे गेले का?



बचत गटाच्या बैठकीत आम्हाला हल्ली एक वाक्य वरचेवर ऐकू येतं, "बँकेत सांगितलं, खात्याला होल्ड लागलाय." ऐकणारीच्या पोटात गोळाच येतो. म्हणून आज या एका शब्दाबद्दल बोलू.

होल्ड म्हणजे धरणे. हातात धरणे, ताब्यात ठेवणे, रोखून धरणे हे सगळे अर्थ त्यात येतात. फॉर्मवर 'अकाउंट होल्डर' लिहिलेलं असतं, तिथे अर्थ खातेदार, म्हणजे जिच्या नावावर खातं आहे ती. फोनवर कुणी 'होल्ड करा' म्हणालं, तर फोन न ठेवता थांबायचं. 'काम होल्डवर आहे' म्हणजे ते रद्द झालेलं नाही, अडलंय.

बँकेतही तसंच. होल्ड लागलेले पैसे खात्यातच असतात, फक्त काढता येत नाहीत. समजा, खात्यात १२,००० रुपये आहेत आणि ५,००० वर होल्ड आहे, तर उरलेल्या ७,००० चा व्यवहार करता येतो. 'फ्रीज' हा शब्द वेगळा. त्यात बहुधा सगळ्या खात्यातूनच पैसे काढणं बंद होतं. थकलेलं कर्ज, कोर्टाचा आदेश, पोलिसांची सूचना अशी कारणं यामागे असू शकतात.

म्हणून काउंटरवरून गुपचूप परत फिरू नका. चार प्रश्न विचारा. किती रकमेवर होल्ड आहे? कुणी लावला? कशासाठी लावला? तो काढायला कोणता कागद द्यावा लागेल? दाद लागली नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

हाच होल्ड आपल्या कामीही येतो. फसवून कुणी खात्यातले पैसे वळवले, तर लगेच १९३० ला फोन करा. चोराने ते काढून घेण्याआधी त्याच्या खात्यावर होल्ड लागला, तर पैसे वाचू शकतात. उद्या बघू म्हणू नका.

पण पोलीस असल्याचं सांगून कुणी व्हिडिओ कॉलवर "कॉल होल्ड करा, कापू नका, घरात बोलू नका" म्हणालं, तर तो कॉल आधी कापा. 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काहीही नाही.

ते चार प्रश्न आणि १९३० हा नंबर गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.