हाँगकाँगचा किनारा आणि तीन खात्यांचा वाद

समुद्रात भराव घालून जमीन निर्माण करणे हे अभियंत्यांचे काम. त्या जमिनीवर हक्क कोणाचा, हे ठरविणे मात्र अभियंत्यांच्या हाती नसते. हाँगकाँग बंदरात याच प्रश्नामुळे एका शहराचे शंभर वर्षांहून अधिक काळ दोन तुकडे पडून राहिले.

ब्रिटिशांनी १८४१ मध्ये हे बेट ताब्यात घेतले, तेव्हा डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सपाट जमिनीची जेमतेम एक चिंचोळी पट्टी होती. त्याच वर्षी किनाऱ्यालगतच्या भूखंडांचा लिलाव झाला व व्यापाऱ्यांनी तेथे गोदामे उभारली. या पट्टीच्या ऐन मध्यावर भूसेनेने बराकींसाठी आणि नौदलाने आपल्या भांडारासाठी जागा घेतली. चीनशी युद्ध चालू असल्याने त्यात कोणाला वावगे वाटले नाही. पुढे पश्चिमेस व्यापारी पेठ व पूर्वेस वान चाय भागातील वस्ती वाढत गेली आणि दोहोंच्या मध्ये ही लष्करी जमीन पाचरीसारखी रुतून बसली.

गव्हर्नर हा वसाहतीचा प्रमुख असला, तरी या जमिनीबाबत त्याचा हुकूम चालत नसे. तो लंडनमधील वसाहत खात्याला जबाबदार होता; भूसेनेची मालमत्ता युद्ध खात्याची आणि गोदी नौदल खात्याची. एकाच रस्त्यावरील दोन कचेऱ्यांमधील मतभेद मिटविण्यासाठी कागद लंडनला पाठवावे लागत, आणि तेथेही ती दोन निरनिराळी खाती असत. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

गव्हर्नर सर जॉन बोरिंग यांनी १८५५ मध्ये किनाऱ्याने सलग धक्का व रस्ता बांधण्याची योजना मांडली. अशा रस्त्याला तेथे 'प्राया' म्हणत. हा पोर्तुगीज शब्द मकावमधून आलेला. सागरी भूखंडांच्या बड्या धारकांनी विरोध केला आणि १८५९ मध्ये विधिमंडळाने योजना फेटाळली. नंतर तुकड्यातुकड्यांनी प्राया झाला खरा, परंतु लष्करी हद्दीशी येऊन तो थांबला.

१८६० मध्ये समोरचे कौलून द्वीपकल्प ब्रिटिशांना मिळाले, तेव्हा हा गुंता सोडविण्याची संधी आली होती. भूसेनेला तेथे छावणी हवी होती. गव्हर्नर सर हर्क्युलिस रॉबिन्सन यांचे म्हणणे असे की, सैन्य कौलूनला जाणार असेल, तर बेटावरील मध्यवर्ती जागा शहराला द्यावी. नौदलानेही आपला हिस्सा मागितला. वाद काही वर्षे चालला. अखेर कौलूनची वाटणी झाली आणि बेटावरील बराकी होत्या तेथेच राहिल्या. शहराच्या दृष्टीने यापेक्षा वाईट तडजोड क्वचितच झाली असती.

भरावाचे मोठे काम १८९० मध्ये सुरू झाले. त्याचे प्रवर्तक पॉल चेटर हे मूळचे कलकत्त्याचे, आणि त्यांचे व्यवसायातील भागीदार होरमसजी मोदी हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. पुढे हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला मोदींनीच द्रव्यसाहाय्य दिले. चेटर यांच्या योजनेतील तत्त्व सोपे होते. ज्याचा भूखंड किनाऱ्यावर, त्याने समोरील भरावाचा खर्च सोसावा आणि नवी जमीन घ्यावी. सरकारला रस्ता व धक्का मिळावा. मात्र हेच तत्त्व लष्करी जमिनीला लावले, तर सैन्याची हद्द समुद्रात आणखी पुढे सरकणार. आणि भराव दुसऱ्याने घातला, तर गोदीचे पाणी तुटणार. जिला पाणी नाही ती गोदी कसली? त्यामुळे भराव नौदलाच्या हद्दीपाशी संपला. १९०४ च्या सुमारास काम पूर्ण होऊन पश्चिमेकडे कॅनॉट रोड तयार झाला, आणि त्याच दशकात नौदलाने स्वतःच्या गोदीपुढे स्वतःचा भराव घालून घेतला. १९२० नंतरच्या दशकात वान चायपुढे दुसरा मोठा भराव पडला. दोन्ही भराव नवे, रस्ते रुंद. पण एकातून दुसऱ्यात जाण्यास गोदीच्या मागील जुना क्वीन्स रोडच.

१९५९ मध्ये ब्रिटिश नौदलाने गोदी बंद केली. त्या जागेवरून रस्ता नेण्यात आला आणि व्यापारी पेठ व वान चाय किनाऱ्याच्या बाजूने प्रथमच नीट जोडले गेले. व्हिक्टोरिया बराकींची जमीनही पुढे मोकळी झाली. तेथे १९९१ मध्ये सार्वजनिक उद्यान उघडण्यात आले.

वाद मात्र पुरता मिटला नाही. १९९४ च्या ब्रिटन-चीन करारात नव्या भरावाच्या किनाऱ्यावर सुमारे १५० मीटर लांबीची जागा लष्करी धक्क्यासाठी राखण्याचे ठरले. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेले. २०१४ मध्ये नियोजन मंडळाने ती जागा आराखड्यात लष्करी वापरासाठी दाखविली, तेव्हा किनारा सर्वांचा आहे असे सांगत अनेक नागरिकांनी हरकती नोंदविल्या. सैन्याला गरज नसेल तेव्हा धक्का लोकांसाठी खुला राहील, असे त्यांना सांगण्यात आले. गरज केव्हा आहे हे ठरविण्याचा अधिकार सैन्याकडे राहिला.