पिकअपचा बीसीएम : काय असतो, कसा बिघडतो, कसा बदलतात?



विजेचं साधं सर्किट आपण वर्गात शिकवतो. सेल, वायर, बटण, बल्ब. जुन्या पिकअपची वायरिंग साधारण अशीच असायची. बटण दाबलं की करंट फ्यूज आणि रिलेमधून थेट दिव्यापर्यंत. आताच्या बऱ्याच गाड्यांत मात्र बटण आणि दिवा यांच्यामध्ये डॅशबोर्डखाली एक पेटी बसवलेली असते. तिचं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम. इंडिकेटर, हेडलाइट, वायपर, हॉर्न, दरवाजाचं लॉक हे सगळं तिच्याकडे. बटण दाबणं म्हणजे आता फक्त पेटीला निरोप देणं. दिवा लावायचा की नाही ते पेटी ठरवते.

आपल्या सोलापूरचा या बदलाशी जुना संबंध आहे बरं का! १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक देशात आधी १३ शहरांत लागू झालं, त्यात दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. देशभर ते २०१७ ला आलं आणि २०२० ला स्टेज ६. हे नियम इंजिनाच्या धुरासाठी होते, पण त्यासोबत गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स वाढत गेली.

या पेट्या एकमेकींशी बोलतात कशा? ‘कॅन’ नावाच्या पद्धतीने. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि त्यावर सगळ्यांचे निरोप. चौथीच्या वर्गात मी हे मुलांकडून करून घेतलं. एक मूल बटण, एक पेटी, एक वायपर, एक दिवा. निरोप सगळ्यांनी ऐकायचा, ज्याच्या कामाचा त्यानेच हलायचं. दोघं एकदम बोलले तर लहान हजेरी क्रमांकाचा बोलणार, दुसरा थांबून नंतर बोलणार. कॅनमध्ये अगदी हेच होतं, लहान क्रमांकाच्या निरोपाला आधी वाट मिळते. मुलांना एकदाच सांगावं लागलं.

हा विषय निघाला तो वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांमुळे. त्यांची पिकअप पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डात येते. "सर, वायपर आपोआप फिरायलंय, मागचे दिवे लागंनात," म्हणाले. पहाटेच्या अंधारात पुणे-हैदराबाद महामार्गावर मागचे दिवे बंद असलेली भरलेली पिकअप म्हणजे काय, ते आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. एका गॅरेजमध्ये गाडी न तपासताच "बीसीएम गेला, बदला" असं सांगितलं होतं. गाडीचा हप्ता चालू, गाडी उभी, आणि वर हा खर्च.

पेटी खरंच गेली आहे का, हे आधी बघावं लागतं. बंद गाडीची चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. त्यापेक्षा खूप कमी असेल तर पेटी विनाकारण बदनाम होते. मग फ्यूज. मग अर्थिंग. स्कॅनर १६ पिनांच्या सॉकेटला जोडला की तो कोड दाखवतो. यू-०१४० म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. पण संपर्क तुटला म्हणजे पेटी मेली असं नाही, वायरही तुटलेली असू शकते. कॅनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे बॅटरी काढून दोन वायरींत मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी एक टोक सुटलं आहे.

या गाडीत दोन्ही निघालं. मागे जाळी वेल्डिंग करून घेतल्यावर अर्थिंगच्या बोल्टखाली रंग गेला होता. तो खरवडून घट्ट केल्यावर मागचे दिवे लागले. वायपर मात्र तसंच. पेटी उघडली तर काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी आत, आणि पिनांवर हिरवट थर. पाणी हे या पेटीचं मोठं दुखणं. दुसरं म्हणजे बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग. आणि तिसरं, वायर कापून जोडलेले जादा लाइट-हॉर्न. आपल्याकडे हौसेने हेच सगळं होतं!

पेटी बदलायचं हातकाम सोपं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, थोडा वेळ थांबायचं, कनेक्टरचे फोटो काढायचे, लॉक दाबून ते सोडवायचे (वायर धरून ओढायचे नाहीत), नवी पेटी बसवायची. खरं काम त्यानंतर. नव्या पेटीला आपण कोणत्या गाडीत आहोत हेच माहीत नसतं. गाडीचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर, गाडीत काय काय बसवलेलं आहे ते सगळं स्कॅनरने तिच्यात भरावं लागतं. याला कोडिंग म्हणतात. वर्गात नवीन मूल आलं की दाखला, हजेरीपट, सगळ्यात नाव चढवावं लागतं, तसंच.

त्या वडिलांनी आधी भंगारातली जुनी पेटी आणून बसवली. स्वस्त पडली. दिवे लागले, वायपर थांबलं, पण इंजिन सुरू होईना. काही गाड्यांत चावीची ओळख पटवायचं काम, म्हणजे इमोबिलायझर, याच पेटीकडे असतं. ती पेटी दुसऱ्याच गाडीची चावी शोधत होती. चोराची गाडी सुरू होऊ नये म्हणून केलेली सोय मालकालाच आडवी आली! शेवटी पार्ट नंबर जुळवून नवी पेटी आणली, कोडिंग झालं, चावी जोडली आणि गाडी सुरू झाली. काचेचं रबरही त्याच दिवशी बदललं, नाहीतर पुढच्या पावसात नव्या पेटीतही पाणी गेलं असतं.

कोणा पालकावर ही वेळ आली तर पेटी बदलण्याआधी कोणता कोड आला, व्होल्टेज किती, अर्थिंग तपासलं का, हे तीन प्रश्न विचारायला सांगा. काढलेली पेटी परत मागून घ्या, दुरुस्त करणारेही असतात. कोडिंगचा खर्च पेटीच्या किमतीत धरला आहे का तेही आधीच विचारा. आणि जाताना घरातली दुसरी चावी बरोबर न्यायला विसरू नका. ती त्याच वेळी जोडून घेतली नाही, तर नंतर तिच्याने दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही.