वायूची वाट – भाग ६ : वाहिनी शिवारातून गेली, पुढे काय?

मागच्या भागात आपण अंजनवेलच्या धक्क्यापर्यंत आलो होतो. उणे १६२ अंशांना द्रवरूप केलेला वायू जहाजातून उतरतो, टाक्यांत साठतो, पुन्हा ऊब मिळून वायुरूप होतो आणि मोठ्या दाबाने घाट चढायला लागतो. नाव दाभोळचं असलं, तरी हा पसारा वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात आहे. एन्रॉनचा करार, १९९९ला सुरू झालेली वीजनिर्मिती, २००१ला लागलेलं कुलूप हा इतिहास इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. वायूच्या दृष्टीने महत्त्वाचं साल २०१३. त्या वर्षी वर्षाला ५० लाख टन क्षमतेचं आयात टर्मिनल सुरू झालं आणि दाभोळ–बेंगळुरू ही सुमारे हजार किलोमीटरची वाहिनीही कार्यान्वित झाली. लाटरोधक भिंत अपुरी असल्यामुळे पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजं लागत नव्हती, तरी वाहिनी चालू राहिली.

ही वाहिनी रत्नागिरी आणि कोल्हापूर जिल्ह्यांतून पुढे बेळगाव, धारवाडकडे जाते. तिची एक शाखा गोव्यात उतरते. झुआरीनगरचा खत कारखाना नाफ्था सोडून नैसर्गिक वायूवर आला तो या वाहिनीमुळे. बेंगळुरूच्या गाड्यांना आणि स्वयंपाकघरांना वायू मिळाला तोही हिच्यामुळे. ज्यांच्या शिवारातून ही वाहिनी गेली त्यांच्या वाट्याला मात्र बरीच वर्षं फक्त जमिनीच्या वापरहक्काचा मोबदला आणि बांधावर उभे राहिलेले इशाऱ्याचे खांब आले. आता जिल्ह्याजिल्ह्यांत वितरणाचं जाळं पसरतं आहे. म्हणून या आठवड्याचा प्रश्न असा की, कोकणातल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या माणसाला या साखळीत धंदा नेमका कुठे आहे?

आधी कुठे नाही ते पाहू. वायूची विक्री स्थानिक माणसाच्या हातात येत नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ देशाचे भौगोलिक विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी बोली मागवतं. जिंकणाऱ्या कंपनीला त्या विभागात जाळं टाकण्याचा एकाधिकार २५ वर्षांसाठी मिळतो. रत्नागिरी युनिसन एन्व्हायरो ही कंपनी विकत घेतलेल्या महानगर गॅसकडे आहे. कोल्हापूर हिंदुस्थान पेट्रोलियम आणि ऑइल इंडियाच्या संयुक्त कंपनीकडे, सांगली-सातारा भारत पेट्रोलियमकडे आणि सिंधुदुर्ग पुण्याच्या महाराष्ट्र नॅचरल गॅसकडे आहे. ही दारं बंद आहेत असंच समजून चालावं. पण या कंपन्या स्वतःच्या हाताने चर खोदत नाहीत, सांधे जोडत नाहीत, बॉयलरचा बर्नर बदलत नाहीत. ती सगळी कामं बाहेर दिली जातात. माझ्या मते खरी संधी तिथेच आहे आणि आपण ती हातची घालवतो आहोत.

वायू मुख्य वाहिनीतून शहराच्या वेशीवरच्या केंद्रात येतो. तिथे त्याचा दाब उतरवला जातो, मोजमाप होतं आणि वास मिसळला जातो, कारण मूळ वायूला वास नसतो. तिथून पोलादी वाहिनी, मग रस्त्याकडेची दाब कमी करणारी केंद्रं आणि पुढे वस्तीत फिरणारे एमडीपीई म्हणजे मध्यम घनतेच्या पॉलिथिनचे पाइप. या पाइपांत दाब साधारण ४ बार असतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी तो जेमतेम २१ मिलिबार उरतो.

यातल्या एमडीपीईच्या सांध्यापाशी जरा थांबू. पाइप काटकोनात कापावा लागतो. मग खरवडणीने त्याची वरची पातळ साल काढायची, कारण हवा आणि उन्हाने खराब झालेला तो थर वितळून एकजीव होत नाही. पुसून कोरडं केल्यावर हात लावायचा नाही. पाइप कपलरमध्ये, म्हणजे जोडनळीत, किती आत गेला पाहिजे त्याची खूण करायची, दोन्ही बाजू क्लॅम्पमध्ये घट्ट धरायच्या आणि मग यंत्र जोडायचं. यंत्र कपलरवरचा बारकोड वाचून ठरलेला वेळ वीज सोडतं, आतली तार तापते, प्लास्टिक वितळून एक होतं. त्यानंतर सांधा पूर्ण निवेपर्यंत क्लॅम्प काढायचा नाही. इथेच घाई होते. मुकादम ओरडत असतात, रस्ता मोकळा करून द्यायचा असतो आणि सांधा गरम असतानाच पाइप चरात लोटला जातो. धूळ किंवा पाण्याचा थेंब आत राहिला, तर सांधा वरून निर्दोष दिसतो आणि पुढे कधीतरी गळतो. कोकणच्या पावसात हे काम तंबू टाकूनच करावं लागतं. चर जांभ्यात असेल तर पाइपखाली मऊ वाळूचं अंथरूण द्यावं लागतं, नाहीतर कातळाची धार पाइपला खाते.

हे काम अवघड नाही, पण शिस्तीचं आहे. आपल्याकडे गावोगावी नळपाणी योजनांची कामं केलेले ठेकेदार आहेत. त्यांच्याकडे जेसीबी आहे, माणसं आहेत, कुठल्या गल्लीत जमिनीखाली काय आहे याची माहिती आहे, ग्रामपंचायतीशी बोलणं आहे. नाही ते फक्त प्रमाणपत्र आणि सांधे जोडणारं यंत्र. हायड्रोकार्बन सेक्टर स्किल कौन्सिलने शहरी वायू वितरणाच्या पाइप फिटरसाठी अभ्यासक्रम ठरवलेला आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, प्लंबर शिकतातच; त्यांना या कामाचं वरचं प्रशिक्षण मिळालं तर परप्रांतातून टोळ्या आणण्याची गरज उरणार नाही. बाहेरून आलेल्या कामगाराबद्दल माझा आक्षेप नाही, तो मेहनतीनेच पोट भरतो. पण जाळं टाकून झाल्यावर तो निघून जातो आणि देखभालीचं काम पुढे वर्षानुवर्षं चालतं. गळती शोधणं, मीटर बदलणं, रस्ता रुंद करताना पाइप हलवणं यासाठी जवळचा, ओळखीचा, चोवीस तास हाकेला येणारा माणूसच लागतो.

दुसरी जागा कारखान्यांची. कोल्हापूरची ओळख असलेल्या फाउंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले भागात पसरलेल्या आहेत. वायू आला म्हणजे लोखंड वायूवर वितळेल असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. वितळवण्याचं काम बहुतेक ठिकाणी विजेच्या इंडक्शन फर्नेसमध्ये होतं. वायू लागतो त्याच्या आजूबाजूला. रसरशीत धातू ओतण्याआधी लॅडल, म्हणजे ओतण्याचं भांडं, तापवावी लागते, नाहीतर ओल राहून धातू उडतो. वाळूचे कोअर ओव्हनमध्ये सुकवावे लागतात. कास्टिंगला हीट ट्रीटमेंट द्यावी लागते. आज या कामांना डिझेलचे बर्नर किंवा एलपीजीच्या सिलिंडरांची रांग वापरतात. इचलकरंजीच्या कापड प्रोसेस हाउसना वाफ लागते, लोटे-परशुरामच्या रसायन कारखान्यांनाही लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात काजू प्रक्रिया, आंब्याच्या रसाचं कॅनिंग, बेकऱ्या, हॉटेलं आहेत.

इंधन बदलायचं तर बर्नर बदलावा लागतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. एलपीजीला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून जुन्या नोझलवर नवा वायू सोडला तर ज्योत नीट धरत नाही. घरच्या शेगडीचं नोझलही म्हणूनच बदलतात. कारखान्यात बर्नर, ब्लोअर, दाबनियंत्रक आणि ज्योत विझली तर वायू आपोआप बंद करणारी झडप हे सगळं बसवून, सेट करून, दर काही महिन्यांनी तपासावं लागतं. या कामासाठी कोल्हापूर, सांगली, चिपळूणमध्ये सेवा देणाऱ्या छोट्या अभियांत्रिकी फर्म उभ्या राहू शकतात. भांडवल थोडं, ज्ञान जास्त. तरुण इंजिनिअरने माझा सल्ला विचारला तर मी सीएनजी पंपाआधी हा धंदा सुचवेन.

इथे कारखानदारालाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली हिशेबाची. १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढी मिळवायला ढोबळमानाने २३ घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. दरांची तुलना या पायावर करावी. पण तिथेही थांबू नये. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही, त्यावर व्हॅट लागतो. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून हा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, हे फार चांगलं झालं. तरी त्या व्हॅटचा परतावा जीएसटीच्या हिशेबात मिळत नाही. एलपीजी आणि फर्नेस ऑइलवरच्या १८ टक्के जीएसटीचा मात्र मिळतो. छापील दर बघून निर्णय घेणारा इथे फसतो.

दुसरी गोष्ट कराराची. घरगुती वायू आणि सीएनजी यांना देशी वायू प्राधान्याने दिला जातो आणि त्याचा भाव एप्रिल २०२३ पासून एका सूत्राला बांधलेला आहे. उद्योगांना मिळतो तो मुख्यतः आयात वायू, म्हणजे जगाच्या बाजाराचा भाव. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर तो भाव इतका भडकला की, गुजरातेत मोरबीच्या टाइल्स कारखान्यांनी वायू सोडून प्रोपेनची वाट धरली. करारात दर महिन्याच्या किमान उचलीची अट असते. वायू वापरला नाही तरी ठरलेल्या प्रमाणाचे पैसे भरावे लागतात. ती अट कमीत कमी ठेवून घ्या आणि दोन्ही इंधनांवर चालणारा बर्नर बसवा. एकेकट्याने कंपनीशी बोलण्यापेक्षा औद्योगिक वसाहतीच्या असोसिएशनने एकत्र बोलणं केलं तर अटी नक्की सैल होतात.

सीएनजी पंपाबद्दल थोडक्यात. हमरस्त्यालगत जागा असलेल्याला विक्रेत्याच्या मालकीचा पंप मिळू शकतो. पण पंपाला थेट वाहिनी जोडलेली आहे की वायू ट्रकवरच्या सिलिंडरांतून येणार, हे सही करण्याआधी विचारा. ट्रकवर अवलंबून असलेल्या पंपावर दाब उतरतो, भरायला वेळ लागतो आणि रिक्षांची रांग रस्त्यावर येते. पंप जमत नसेल तर ही वाहतूक हाच एक व्यवसाय आहे. आणखी एक काम फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. गाडीतल्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी लागते आणि ती पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची, मान्यता असलेल्या केंद्रातच होते. जवळ केंद्र नसेल तर रिक्षावाल्याचा एक दिवसाचा धंदा बुडतो. गाड्या वाढताहेत तसं तालुक्यातालुक्याला असं केंद्र लागणार आहे.

शेवटची जागा मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तिथे आपण वायूचे गिऱ्हाईक न राहता उत्पादक होतो. ऊस गाळताना रस स्वच्छ केल्यावर जी मळी खाली उरते ती प्रेसमड. उसाच्या वजनाच्या तीन ते चार टक्के. ती कुजवून बायोगॅस करायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकायचा. उरतो तो मिथेन. दाबून भरला की सीएनजीच्याच गाडीत चालतो, वाहिनीतही सोडता येतो. रोज २,५०० टन गाळप करणारा कारखाना १२० दिवस चालला तर तीन लाख टन ऊस होतो. साडेतीन टक्क्यांनी साडेदहा हजार टन प्रेसमड. साधारण २५ टनांतून एक टन वायू धरला तर ४२० टन. रिक्षाला रोज चार किलो लागतात असं मानलं, तर एवढ्यावर पावणेतीनशेहून जास्त रिक्षा वर्षभर धावतात. हे एका मध्यम कारखान्याचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात कारखाने किती आहेत ते वाचकच जाणतात.

गिऱ्हाईक शोधायचीही गरज नाही. केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे, पण खरा बदल मिश्रणाच्या सक्तीने झाला. सीएनजी आणि घरगुती वायूत असा जैववायू २०२५-२६ मध्ये एक टक्का, २०२६-२७ मध्ये तीन, त्यापुढच्या वर्षी चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के असावा, असं सरकारने ठरवलं आहे. म्हणजे वितरण कंपन्यांना तो घ्यावाच लागणार. अडचणी आहेतच. प्रेसमड उघड्यावर पडून राहिली तर तिच्यातला वायू देणारा अंश उडून जातो, त्यामुळे हंगामानंतरचे आठ महिने ती झाकून कशी टिकवायची हा खरा प्रश्न आहे. तिच्यात गंधक असतं, ते काढायचा खर्च येतो. उरलेलं खत विकलं गेलं नाही तर ताळेबंद बसत नाही. त्या खताला टनामागे १,५०० रुपयांचं केंद्राचं साहाय्य २०२३मध्ये जाहीर झालं, पण शेतकऱ्याच्या शेतापर्यंत ते नेणारी यंत्रणा कारखान्यालाच उभारावी लागेल. सहकारी कारखान्याला हे सोपं जायला हवं, कारण त्याचा सभासद आणि खताचा गिऱ्हाईक एकच आहे. प्रेसमड कवडीमोलाने बाहेरच्या कंपनीला देऊन टाकण्याचे लांब मुदतीचे करार आत्ता होताहेत, तेव्हा डोळे उघडे ठेवायची वेळ हीच आहे.

पुढच्या भागात खत कारखान्यांकडे वळू. थळ आणि तुर्भ्याची गोष्ट तिथे येईल. तोवर एक विनंती. तुम्ही एखाद्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत उभे राहून विचारा, की आपल्या प्रेसमडचा करार कुणाशी, किती वर्षांचा आणि टनाला किती रुपयांनी झाला आहे. आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.