जीबीएस: लागण पोटाची, हल्ला आपल्याच प्रतिपिंडांचा

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकामागोमाग एक आढळले. पुढे ही संख्या दोनशेच्या वर गेली. एकाच परिसरात इतके रुग्ण म्हटल्यावर हा संसर्गजन्य रोग आहे, असे वाटणे साहजिक होते. पण जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाच्या मज्जातंतूंना इजा करतात ती त्याच्याच शरीराने जंतूशी लढण्यासाठी बनवलेली प्रतिपिंडे. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या आतड्यातल्या जिवाणूच्या आवरणावर साखरेचे काही रेणू असतात. आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी त्यांचे इतके साम्य असते, की जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरही तुटून पडतात. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर, सगळे ठीक झाले असे वाटत असतानाच, पायांत मुंग्या येऊ लागतात.

मग एकाच भागात इतके रुग्ण कसे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पिण्याच्या पाण्यात सापडते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर, काहींत नोरोव्हायरस आढळला. पाणी सर्वांनी मिळून प्यायलेले असते, त्यामुळे पोटाची लागण सामायिक होते. त्यानंतरचा जीबीएस मात्र कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एखाद्यालाच गाठतो. म्हणून पाणी उकळून पिणे, कोंबडीचे मांस पूर्ण शिजवणे हे उपाय खरे आहेत. रुग्णाला टाळणे निरर्थक आहे आणि त्याच्यावर अन्याय करणारेही.

ज्याची प्रतिकारशक्ती कमी त्यालाच हा आजार होतो, असे अनेकजण मानतात आणि ती वाढवणाऱ्या काढ्या-गोळ्यांकडे वळतात. इथे तर प्रतिकारशक्तीच चुकीच्या जागी लढते आहे; धडधाकट तरुणालाही जीबीएस होतो. मग प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइड्स उपयोगी पडायला हवीत, असे कुणी म्हणेल. तर्क पटण्यासारखा आहे, पण चाचण्यांनी त्याला साथ दिलेली नाही. नुसत्या स्टेरॉइड्सनी फायदा दिसला नाही. तोंडाने घेतलेल्यांनी तर सुधारणा रेंगाळण्याची शक्यता दिसली. उपयोगी ठरले ते दोनच उपचार. एकात प्लाझ्मा बदलून घातक प्रतिपिंडे रक्तातून काढतात, दुसऱ्यात निरोगी दात्यांच्या रक्तातून मिळवलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात.

लसीमुळे जीबीएस होतो का, हा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण त्यामागे खरा इतिहास आहे. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना दिली गेली, तेव्हा दर लाखामागे जीबीएसचा अंदाजे एक जादा रुग्ण आढळला आणि मोहीम थांबवण्यात आली. आजच्या फ्लूच्या लसींत ही जोखीम, आढळली तरी, दहा लाखांत एक-दोन इतकी आहे. प्रत्यक्ष फ्लू झाल्यावर जीबीएसचा धोका याहून जास्त असतो. इतिहास सांगून लस टाळणारा माणूस मोठ्या धोक्याकडे चालत जातो.

सर्वांत घातक गैरसमज मात्र घरातच होतो. पाय लुळे पडले की लकवा समजून तेल चोळले जाते, लकव्यावर औषध देणाऱ्याचे गाव शोधले जाते. मेंदूच्या झटक्यात बहुधा शरीराची एक बाजू अचानक जाते. जीबीएसमध्ये बहुधा दोन्ही पायांतून सुरू झालेली कमजोरी काही तासांत किंवा दिवसांत वर हातांकडे, चेहऱ्याकडे आणि श्वासाच्या स्नायूंकडे सरकते. दर चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागू शकतो. योग्य वेळी उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, जरी त्याला महिने लागले तरी. दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत असेल, जिना चढवत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, तर व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. वर सांगितलेले दोन्ही उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडतात.