चाकामागची माणसं – भाग ६ : मामाच्या घरची गाडी

अमडापुरात चिखली-खामगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजपुढं परवा पांढरी पोलो उभी होती. बोनेट उघडं, बॅटरी चार्जिंगला लावलेली. तिथल्या पोराला म्हटलं, "ही गाडी चाकणला बनायची. हिच्यावर देशात शर्यतींची अख्खी मालिका चालली." पोरगं हसलं. "काका, हे तर आमच्या मामाकडं आहे. रेसची गाडी म्हणजे ते खाली बसलेलं, उघड्या चाकांचं असते ना?"

ते खाली बसलेलं म्हणजे फॉर्म्युला. आजचा भाग मामाच्या गाडीचा.

शोरूममध्ये मिळणारी, दारं-छप्पर असलेली गाडी शर्यतीसाठी बेतून घेतली की ती टूरिंग कार. ब्रिटनमध्ये १९५८ साली अशा गाड्यांची राष्ट्रीय मालिका सुरू झाली. तिला तेव्हा 'सलून कार' म्हणत; 'टूरिंग कार' हे नाव १९८७ पासूनचं. बाहेरून गाडी ओळखीची राहते, आतून तिची पार सोलवट काढलेली असते. मागची सीट, गालिचा, एसी, गाणी, सगळं बाहेर. त्या जागी पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करून बसवतात, एकच खोलगट सीट आणि अंगाला आवळून धरणारे पट्टे. ड्रायव्हरच्या अंगावर आग न धरणारा सूट. काचा बंद असल्या की आतली उकड आपल्या मे महिन्यातल्या टिनाच्या खोलीची आठवण करून देणारी.

आपल्याकडे २०१० साली पोलो कप सुरू झाला. पहिली गाडी चक्क डिझेलची होती. पुढं १८० अश्वशक्तीची पेट्रोल पोलो आली, मग व्हेंटो, आणि २०१७ पासून अमिओ. सगळ्यांना सारखी गाडी, सारखे टायर, म्हणजे हरल्यावर गाडीला नाव ठेवायची सोय नाही. या कपात प्रतीक सोनवणे, कोल्हापूरचा ध्रुव मोहिते अशी मराठी नावं धावली. कोल्हापूरचं नाव यात येणं नवलाचं नाही. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय फेऱ्या होत आल्या आहेत. मोठे ट्रॅक मात्र लांब. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं करी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. अमडापूरच्या पोराला चेन्नई गाठायची तर आधी शेगावला जाऊन रेल्वे धरायची, इथूनच सुरुवात.

आता कसब कशात असतं ते सांगतो. पोरगं म्हणालं, त्याच्या मित्रानं समृद्धी महामार्गावर १६० मारली. मारली असेल. तिथं मर्यादा १२० ची आहे हा भाग सोडा, पण सरळ रस्त्यावर पाय दाबायला ड्रायव्हर लागत नाही. राजूर घाटातला एसटीवाला आठवा. तो वळणाच्या आधी वेग कमी करतो, गिअर पाडतो, मग स्टिअरिंग फिरवतो. शर्यतीचा ड्रायव्हर मात्र ब्रेक वळणात आत नेतो आणि पाय हळूहळू उचलत जातो. ब्रेक दाबलेला असेपर्यंत गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकलेलं असतं, म्हणून नाक आत वळतं. पाय एकदम काढला तर नाक बाहेर जातं. उशिरापर्यंत दाबून धरला तर शेपूट सुटतं. हा खेळ पायाच्या अंगठ्याखालचा.

बऱ्याच टूरिंग गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. ओढणं, वळणं आणि थांबणं यांतला बराचसा भार पुढच्याच दोन टायरांवर. पहिल्या चार फेऱ्यांत जो गडी फुशारकी मारतो, त्याची गाडी शेवटच्या चार फेऱ्यांत वळायलाच तयार नसते. शिवाय या गाड्यांची चाकं पत्र्याआड झाकलेली असल्यानं दाराला दार घासणं चालतं. फॉर्म्युलात चाकाला चाक लागलं की गाडी उडते, इथं आरसा तुटतो आणि शर्यत पुढं जाते. लोक हेच पाहायला येतात, खोटं कशाला बोला.

जिंकणाऱ्याला शिक्षाही असते. कित्येक मालिकांत पहिल्या आलेल्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला शिशाचं नाहीतर लोखंडाचं वजन बसवतात. ब्रिटनमध्ये ते काही वर्षं ७५ किलोपर्यंत जायचं, म्हणजे सोयाबीनच्या भरल्या कट्ट्याहून जड. तो कट्टा घेऊन पाचवा-सहावा येणारा आणि गुण गोळा करत राहणारा शेवटी मालिका मारतो. मला हा नियम आवडतो. तज्ज्ञ नाकं मुरडतात.

उमेदवारीचं गणित पाहायचं तर इटलीच्या गाब्रिएले तारक्विनीकडं बघावं. फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीच्या रांगेत उभं राहण्याइतकीही पात्रता त्याला ४० वेळा मिळाली नाही. तिथून तो टूरिंगमध्ये आला. १९९४ ला अल्फा रोमिओवर ब्रिटिश विजेता झाला. त्या वर्षी अल्फाच्या मागच्या पंखावरून मोठी भांडणं झाली, कारण रस्त्यावर विकलेल्या गाडीत त्या पंखाचे जास्तीचे तुकडे कंपनीनं डिकीत ठेवून दिले होते. 'गाडीसोबत विकलंय ना, मग नियमात बसतं' असा तो युक्तिवाद, आपल्या तहसीलमध्ये शोभेल असा. पुढं तारक्विनी २००९ मध्ये ४७ व्या वर्षी विश्वविजेता, २०१८ मध्ये ५६ व्या वर्षी पुन्हा जागतिक मालिकेचा विजेता. थांबला २०२१ मध्ये. या धंद्यात गुडघ्यांपेक्षा डोकं जास्त टिकतं.

पैशाची गोष्ट आपल्याकडं समजावणं सोपं, कारण बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट सगळ्यांना कळतो. बैलजोडी मालकाची, कासऱ्यावर धुरकरी. नामी धुरकऱ्याला मालक लांबून बोलावतात, त्याचं चहापाणी, बिदागी सांभाळतात. मोटार शर्यतीत वरच्या टोकाला असंच असतं. कंपनी ड्रायव्हरला पगारावर ठेवते. खालच्या पायऱ्यांवर मात्र उलटं. धुरकऱ्यानंच पैसे भरायचे आणि बैल भाड्यानं घ्यायचे. हंगामाची फी, टायर, गाडी ठोकली तर दुरुस्ती. म्हणून सूटवर प्रायोजकांच्या चिठ्ठ्या, आणि निम्मा वेळ त्या मिळवण्यासाठी ऑफिसांच्या पायऱ्या चढण्यात. चेन्नईचा आदित्य पटेल जर्मनीतल्या फोक्सवॅगन मालिकांत धावून ऑडीच्या आर-८ पर्यंत पोचला, पण त्याचे वडील कमलेश पटेल स्वतः शर्यतीतले. पुढं तो दुसरा ड्रायव्हर अरमान इब्राहिम याच्या जोडीनं शर्यती भरवण्याच्या धंद्यात उतरला. कासरा सोडल्यावर पट भरवणाऱ्यांत बसावं, तसं.

"मग सुरुवात कुठून?" पोरानं विचारलं. म्हटलं, कार्टिंग. बुटकी, छप्पर नसलेली गाडी, जमिनीपासून चार बोटं वर. पुण्यात आहे, कोल्हापुरात आहे. तिथं फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कागदावर छापून मिळते. तो कागद बरा दिसला की एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स, मग एखाद्या संघाची निवड चाचणी.

त्यानं बॅटरीचे चिमटे काढले, हात पुसले, पोलो चालू करून पाहिली. झाली चालू. बोनेट आपटलं आणि म्हणाला, "काका, चिखलीहून पुण्याची रातची गाडी किती वाजता आहे?"