एक फुगा फुटला, बाकीच्यांचे काय?

“डोक्यातली नस फुटली,” असे वस्तीत कुणाबद्दल तरी कानावर येते. त्यामागे कधी कधी मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा असतो. सायकलच्या ट्यूबवर कमजोर जागी फुगवटा येतो, तसा. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. साधारण 100 पैकी 3 मोठ्या माणसांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. मात्र फुगा असलेल्या दर पाचांतल्या एकाला तरी एकाहून जास्त फुगे असतात.

“एक फुटलाय, आणखी दोन आहेत,” असे ऐकले की घरच्यांचा धीर सुटतो. सगळ्यांवर आजच इलाज का नाही, असे वाटते. म्हणून उपचारांचा क्रम आम्ही इथे सांगत आहोत.

आधी फुटलेला फुगा बंद करतात, कारण तो पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त असतो. नेमका कोणता फुटला, हे सीटी स्कॅनमध्ये रक्त कुठे साचले आहे आणि फुग्याचा आकार कसा आहे, यावरून ओळखतात. मग कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी क्लिप लावतात किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरतात.

दुसरा फुगा त्याच ऑपरेशनमध्ये हाताशी येत असेल, तर कधी त्यालाही तेव्हाच क्लिप लावतात. नाहीतर रुग्ण सावरल्यावर फुग्याचा आकार, जागा आणि रुग्णाचे वय पाहून ठरवतात. ऑपरेशनलाही धोका असतोच. म्हणून लहान फुग्यावर काही वेळा फक्त नजर ठेवतात. ते दुर्लक्ष नव्हे.

खरी चूक पुढे होते. माणूस हिंडूफिरू लागला की एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून पुढची तपासणी राहून जाते. एकदा रक्तस्राव झालेल्याचे उरलेले फुगे फुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ठरलेल्या तारखेला स्कॅन करा, बीपीची गोळी चुकवू नका, विडी-सिगारेट कायमची सोडा. खर्चाची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. घरात दोन सख्ख्या नात्यांतल्या माणसांना हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

आणि अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी उठली, सोबत उलटी, मान ताठरणे किंवा शुद्ध हरपणे असेल, तर बाम चोळत बसू नका. 108 ला फोन करा.